घोडबंदर रोडचा सांबा क्लास: पाय पक्के, हात कच्चे

ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बॉलरूम सांबाची आठ शनिवारांची बॅच चालते. चा-चा आणि रुम्बा या दुसऱ्या लॅटिन नाचांचं बेसिक झालेल्यांनाच घेतात, आणि ते योग्यच आहे. रिओच्या कार्निव्हलमधला, पिसं लावून एकट्याने नाचायचा सांबा हवा असेल तर ही जागा नव्हे. इथे जोडीने हॉलभर फिरायचा, स्पर्धेतला सांबा शिकवतात.

जमेची बाजू म्हणजे पहिले दोन शनिवार ताल आणि बाउन्स सोडून दुसरं काही नाही. सांबाचा ताल २/४, वेग मिनिटाला साधारण ५० बार (एका बारमध्ये दोन मात्रा). इथे सुरुवात ४०च्या आसपास करून घेतात. ‘वन-अ-टू’ या मोजणीत पहिल्या पावलाला पाऊण मात्रा, ‘अ’ला पाव आणि ‘टू’ला पूर्ण. चा-चा करून आलेले हमखास इथेच फसतात. तिथल्या ‘फोर-अँड-वन’ची वाटणी अर्धी, अर्धी, एक अशी असते आणि पाय तीच सवय घेऊन येतात. मग व्हिस्क (बाजूला पाऊल टाकून दुसरा पाय त्यामागे आडवा नेणं) कमी आणि चा-चातला शासे (बाजूला, जवळ, बाजूला) जास्त दिसतो. अशा वेळी सर गाणं बंद करून सगळ्यांना जागच्या जागी टाळ्यांवर ती पाव मात्रा पकडायला लावतात. कंटाळा येतो, पण उपाय तोच.

बाउन्सची अडचण खास आपल्याकडची. विसर्जनाच्या मिरवणुकीत अंगवळणी पडलेली उसळी खांद्यांतून वर जाते. सांबात काम खाली चालतं: अर्ध्या मात्रेत गुडघे आणि घोटे वाकतात, उरलेल्या अर्ध्यात सुटतात, डोकं जवळपास एकाच उंचीवर राहतं. आरशात कपाळ वरखाली होताना दिसलं की समजायचं, बाउन्स चुकीच्या जागी आहे.

व्होल्टा, म्हणजे एक पाय दुसऱ्यासमोर आडवा टाकत बाजूला सरकणं, फार छान शिकवतात. फरशीवर खडूने मोठी कमान आखतात आणि जोडीला त्या रेघेवरून चालवतात. सरळ रेषेत गेलं की व्होल्टा मरतो. ‘अ’चं पाऊल लहान, बोटांच्या आतल्या कडेवर; ते लांब पडलं की पुढचा पाय वेळेत आडवा येत नाही. क्रॉस झाल्यावर मागचा गुडघा पुढच्या गुडघ्यामागे दडायला हवा. मांड्यांमध्ये फट दिसली की सर तिथेच थांबवतात. बोटाफोगोतही (पुढे पाऊल, मग बाजूला, मग परत पहिल्या पायावर) मेख ‘अ’वरच आहे: बाजूच्या पायावर अर्धवट भार टाकायचा. पूर्ण टाकला की ‘टू’वर परतायला उशीर होतो आणि जोडीदाराचा हात ओढला जातो. स्टेशनरी वॉकमध्ये, म्हणजे जागच्या जागी चालण्यात, ‘टू’ला पाय जेमतेम तीन इंच मागे सरकवायचा असतो, बहुतेकांचा फूटभर सरकतो.

आता तक्रारी. नॅचरल रोल (जोडीने उजवीकडे गोल फिरत जाणं) आणि कॉर्टा जाका (टाच-चवड्यावर पाय घसरवत न्यायची स्टेप) एकाच शनिवारी उरकतात. दोन्हींत बाउन्स नसतो, हे एकदा सांगून सोडून देतात. परिणाम असा की अर्धी बॅच रोलमध्येही हिंदकळत राहते. त्याला निदान एक शनिवार जास्त हवा.

स्टायलिंग तर सातव्या आठवड्यात आरशासमोर नक्कल करून शिकवतात. हात पाठीतून, खांद्याच्या पात्यापासून निघायला हवा. नुसती नक्कल केली की मनगट फिरतं आणि खांदे कानाला लागतात. जोडीदार एकमेकांसमोरून बाजू बदलतात त्या शॅडो बोटाफोगोत तर हे लगेच उघडं पडतं. हातांचं काम तिसऱ्या आठवड्यापासून, नुसत्या व्हिस्कवर, थोडं थोडं सुरू करायला हवं होतं.

हॉलही सांबाला अपुरा आहे. हा नाच घड्याळाच्या उलट दिशेने पुढे सरकतो, आणि इथे मधोमध खांब. दहा जोड्या उतरल्या की प्रॉमिनेड वॉक (जोडीने एकाच दिशेला वळून पुढे चालणं) चार पावलांत कोपऱ्याला भिडतो. खाली काँक्रीटवर टाइल्स आहेत, लाकूड नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

स्वेड (खरखरीत चामडं) सोलचेच लॅटिन बूट आणा; रबरी सोल टाइलला चिकटतो, पाय वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. बायकांना सुरुवातीला अडीच इंचांची टाच पुरे. पावसाळ्यात बूट हॉलमध्येच चढवा, कारण ओला स्वेड दबून गुळगुळीत होतो. तारेचा ब्रश सोबत ठेवा, क्लासमध्ये मिळत नाही.

दुपारी चारची बॅच घ्या. सहाच्या बॅचला निघालात तर ट्रॅफिकमध्ये माजिवड्यालाच अडकाल.