डीटीपीच्या दुकानातलं यूब्लॉक ओरिजिन : काही महिने वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. दुकान, सायबर कॅफे, सेतू केंद्र, जिथे एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात दहा जण बसतात, तिथे फायरफॉक्स हा ब्राउझर आणि त्यावर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, डोळे झाकून टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं आणि फरक त्याच दिवशी दिसतो. मोबाइलचं मात्र एवढ्यावर भागत नाही. त्याचं पुढे लिहिलंय.

आमचं दुकान तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडला लागून. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, फ्लेक्स, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, जे येईल ते करतो. या धंद्यात नेटवरच्या ज्या साइट्सवर सारखं जावं लागतं, त्या नेमक्या सगळ्यात घाणेरड्या असतात. गिऱ्हाईक मोबाइलवर कुणाच्या तरी पत्रिकेचा फोटो दाखवतं, "सेम असंच अक्षर पाहिजे." की फॉन्ट शोधणं आलं. कुणाला पीडीएफची वर्ड फाइल हवी, कुणाला फोटोची बॅकग्राउंड काढून हवी, कुणी वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये मागतं. फुकटात हे करून देणाऱ्या पानांवर डाउनलोडची तीन-चार मोठी हिरवी बटणं असतात आणि खरं एकच, तेही कोपऱ्यात, बारीक अक्षरात. भलतं दाबलं की नवा टॅब, चालू खिडकीच्या मागे लपून उघडलेली आणखी एक खिडकी, नाहीतर कसलीशी सेटअप फाइल आपोआप उतरायला लागते. दुकानात नवीन मुलगा ठेवला की त्याला पेजमेकर आणि कोरल शिकवायच्या आधी खरं बटण कसं ओळखायचं ते शिकवावं लागायचं.

आता ते शिकवावं लागत नाही, कारण ती हिरवी बटणं म्हणजेच जाहिराती. यूब्लॉककडे याद्या असतात, कुठल्या पत्त्यावरून जाहिरात येते, कुठून पाळत ठेवली जाते, कुठल्या साइटवरून व्हायरस पसरतात याच्या. पान उघडताना ब्राउझर त्या पत्त्यांकडे काही मागायला निघाला की यूब्लॉक त्याला दारातच अडवतं. जाहिरात आणून मग लपवली असं नाही, ती मागवलीच जात नाही. त्यामुळे पान हलकं होतं आणि आमच्या चार जीबी रॅमच्या मशीनवर हे चांगलंच जाणवतं. एवढं करूनही एखादा तरंगता चौकोन उरलाच, तर पिचकारीसारखं चिन्ह दाबायचं, चौकोनावर क्लिक करायचं, तयार झालेला नियम मान्य करायचा. त्या साइटवर तो परत दिसत नाही. विजेचं चिन्ह दाबलं तर तेवढ्यापुरता जातो, पान पुन्हा उघडलं की हजर. मराठी, हिंदी साइट्ससाठी सेटिंगमधल्या प्रादेशिक याद्यांत भारताची यादी आहे, तिच्यावर टिक आहे का ते बघून घ्या. ती आपोआप चालू झालेली असेलच असं नाही.

क्रोम का सोडलं असं बरेच जण विचारतात. गूगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही-३ म्हणतात त्याला, आणि २०२४-२५ मध्ये क्रोममध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन बंद पडत गेलं. तिथे आता लाइट नावाचं धाकटं भावंड मिळतं. ते वाईट नाही, पण हवा तो पत्ता हवा तसा अडवण्याची मोकळीक त्यात बरीच कमी आहे. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवलीय. बनवणारा रेमंड हिल, २०१४ पासून याच्यामागे आहे आणि देणगीसुद्धा घेत नाही. द्यायचीच असेल तर याद्या सांभाळणाऱ्यांना द्या म्हणतो. फक्त टाकताना नाव नीट वाचा, पुढे 'ओरिजिन' हवंच. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी मंडळीही बाजारात आहेत आणि त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

इथपर्यंत डोकेदुखी कमी झाली एवढंच. पण हे काढायचं नाही असं मी ज्या कारणाने ठरवलं ते वेगळं आहे.

ओळखीच्या एकाने सकाळी दुकानात बसून पुण्यात वाकडला टू बीएचके काय भावाने जातात ते पाहिलं. दुपारी त्याच खुर्चीत त्याचा सख्खा चुलतभाऊ, सातबारा काढायला. सातबाऱ्याची साइट नेहमीप्रमाणे फिरत बसलेली, म्हणून तो बातम्या चाळत होता. बातमीच्या वर वाकडचे फ्लॅट, खाली वाकडचे फ्लॅट, मधे "ताबा दिवाळीत". दोघांच्या घरात वाटणीचा वाद चालू आहे हे अख्ख्या गावाला माहीत. तो मान वर न करता म्हणाला, "काय हो, वाकडला कोण घेतंय?" मी आपला झेरॉक्सचा कागद भरत राहिलो.

घरच्या कॉम्प्युटरवर जाहिरात मागे लागली तर आपल्यालाच वैताग. दुकानात ती एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगते. असं होतं ते कुकीमुळे, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणेमुळे. फ्लॅटच्या साइटवर आणि बातमीच्या साइटवर एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा बसवलेला असतो. तो ब्राउझरला ओळखतो, खुर्चीतला माणूस बदललाय हे त्याला कुठून कळणार? या दुसऱ्याच्या कुकीज क्रोममधून काढून टाकू असं गूगल काही वर्षं सांगत होतं, पण २०२४ मध्ये तो बेत फिरवला. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या ठेवतो, इकडची ओळख तिकडे चालत नाही. त्यात यूब्लॉक त्या तुकड्याला पानावर येऊच देत नाही. शिवाय ब्राउझर बंद केला की कुकीज आणि साइटचा डेटा पुसायचं सेटिंग चालू केलंय आणि गिऱ्हाईक उठलं की ब्राउझर बंद करायचा हा दुकानाचा नियम केलाय. वाकडचा प्रकार परत झालेला नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांची आधारकार्डं आणि उत्पन्नाचे दाखले पडून राहतात ते मात्र कुठलंही एक्स्टेंशन पुसत नाही. ते रोज संध्याकाळी हातानेच काढायचं.

माझा धंदाच जाहिरातींवर चालतो. फ्लेक्स, हँडबिलं, दिवाळी अंकातली पानं, त्यातूनच दुकानाचं भाडं निघतं. तेव्हा जाहिरातीशी माझं वैर नाही. पण मी छापलेलं हँडबिल कुणाच्या मागोमाग घरात शिरून कपाट उघडून बघत नाही. पाळत न ठेवता, साधं चित्र लावून जाहिरात करणाऱ्या एक-दोन मराठी साइट्सना मी यूब्लॉकमधून सूट दिलीय. मोठं पॉवरचं बटण दाबलं की त्या साइटपुरतं ते बंद होतं आणि पुढेही लक्षात ठेवतं. ज्या पॉप-अपने हे सगळं सुरू झालं, त्याचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. नव्वदच्या दशकात ते ट्रायपॉड नावाच्या साइटवर कामाला होते. एका कार कंपनीची जाहिरात भलत्याच विषयाच्या पानावर लागली, कंपनी भडकली, म्हणून जाहिरातीला पानापासून तोडून स्वतंत्र खिडकी दिली. हेतू वाईट नव्हता म्हणे.

आता तक्रारी. यूब्लॉक जसं येतं तसं ठेवलं तर फॉर्म सहसा अडत नाहीत. त्रास होतो तो फायरफॉक्सचं स्वतःचं संरक्षण 'कडक'वर नेलं की. एका कॉलेजच्या प्रवेश फॉर्मचं पैसे भरायचं पान त्यामुळे नुसतं फिरत राहिलं, बाहेर पोरं रांगेत उभी. पत्त्याशेजारच्या ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण काढलं तेव्हा पान पुढे सरकलं. दुकानात 'प्रमाणित' हेच ठेवा. दुसरं म्हणजे सरकारी पोर्टलं पावती हटकून नव्या खिडकीत उघडतात आणि ब्राउझर तिला पॉप-अप समजून रोखतो. लोक याचा दोष यूब्लॉकला देतात, पण ते काम फायरफॉक्सचं. वर पट्टी येते, तिच्यातून त्या साइटला परवानगी द्यायची. पट्टी न बघता परत 'सबमिट' दाबलं तर दोनदा पैसे कापले जाण्याची भीती, हे मुलांना बजावून ठेवलंय. काही बातम्यांच्या साइट्स ब्लॉकर काढा म्हणून पडदा टाकतात. तिथे मी वाद घालत नाही, बातमी दुसरीकडे मिळते. यूट्यूबची झटापट २०२३ पासून चालूच आहे, मधूनच एखादा दिवस जाहिराती येतात, मग याद्या अपडेट केल्या की थांबतात.

शोधाच्या निकालात वर लागणाऱ्या जाहिरातीही जातात, हा फायदा मी धरलाच नव्हता. गॅस, बँक, कुरिअर यांचा कस्टमर केअर नंबर शोधून द्या म्हणणारे रोज येतात, आणि पैसे देऊन वर आलेल्या खोट्या साइट्सवरच माणसं फसतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणासाठी लोकांना जाहिरात अडवणारं एक्स्टेंशन वापरायला सांगितलं होतं. आपल्याकडे असं कुणी ठणकावून सांगायला हवं.

मोबाइलवर यायचं तर, आमच्या आबांचा फोन बघा. स्क्रीन उघडली की "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस", त्याखाली रमी, त्याखाली गुडघेदुखीचं तेल. हे पॉप-अप वाटतं पण असतं नोटिफिकेशन. कुठल्यातरी साइटने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अनुमती दाबा" म्हटलं आणि आबांनी सज्जनपणे दाबलं. एकदा दिलेली परवानगी कुठलाही ब्लॉकर काढून घेत नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे सूचना, आणि त्या यादीतली अनोळखी नावं एकेक करून काढायची. आबांच्या यादीला दोन वेळा खाली सरकवावं लागलं. फोन उघडताच पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येत असेल तर गुन्हेगार एखादं टॉर्च नाहीतर बॅटरी वाचवणारं अ‍ॅप. जाहिरात समोर असतानाच अलीकडच्या अ‍ॅप्सचं बटण दाबा, बहुतेकदा त्याचं नाव सापडतं. इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची परवानगी कुणाकुणाला आहे तेही एकदा बघून ठेवा.

त्यानंतर आबांच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावलं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिने जाहिरातवाल्यांचा पत्ता दिलाच नाही की जाहिरात येत नाही. अँड्रॉइड ९ पासून ही सोय नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आहे, वेगळं अ‍ॅप लागत नाही. मी अ‍ॅडगार्डचं डीएनएस वापरलं, पत्ता त्यांच्याच साइटवरून उतरवून घ्या. हे ब्राउझरबरोबर अ‍ॅपमधल्याही बऱ्याच जाहिराती थांबवतं आणि आबांना काही शिकावं लागत नाही. मर्यादा मात्र आहेत. यूट्यूबच्या जाहिराती व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात, त्या यातून अडत नाहीत. स्टेशनवरच्या फुकट वायफायचं लॉगिन पान यामुळे उघडत नाही, तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं. आणि तुम्ही कुठल्या साइटचं नाव विचारलं हे पूर्वी इंटरनेट कंपनीला दिसायचं, आता डीएनएस चालवणाऱ्याला दिसतं. कुणावर तरी विश्वास टाकणं आलंच, मी यांच्यावर टाकलाय. जाता जाता गूगल सेटिंगमधून फोनचा जाहिरात आयडीही पुसून टाका. माझ्या स्वतःच्या अँड्रॉइडवर फायरफॉक्स आहे, त्यात यूब्लॉक कॉम्प्युटरसारखंच बसतं. आयफोनवर फायरफॉक्स असला तरी एक्स्टेंशन चालत नाही, तिथे सफारीसाठी यूब्लॉकची लाइट आवृत्ती आहे.

इतकं सगळं केल्यावर ईएफएफ या नेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या 'कव्हर युअर ट्रॅक्स' या चाचणीत दुकानाचं मशीन घातलं. जाहिराती आणि पाळत यांच्यात पास, पण ब्राउझरचा ठसा, म्हणजे मशीनच्या बारीकसारीक तपशिलांवरून पटणारी ओळख, गर्दीत उठून दिसणारा. कारण बघितलं तर फॉन्ट! पानाला कॉम्प्युटरमधले फॉन्ट ताडून बघता येतात, आणि श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, वर गिऱ्हाइकांनी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले शेकडो फॉन्ट एकत्र असलेलं मशीन दुसरं कुठे असणार? कुकी पुसली तरी ही ओळख पुसत नाही. फायरफॉक्समध्ये ठसा लपवायचं एक आडवळणाचं सेटिंग आहे, ते नंतर टाकलेले फॉन्ट पानापासून झाकतं. चालू करून पाहिलं, पण ते घड्याळही लपवतं, भारताऐवजी ग्रिनिचची वेळ सांगतं. मेलवर सगळ्या वेळा साडेपाच तास मागे. टेंडरची मुदत संध्याकाळी पाचची असताना हा खेळ परवडत नाही, म्हणून बंद केलं.

त्यापेक्षा कामं वाटून घेतली. गिऱ्हाइकांचे फॉर्म आणि शोधाशोध ज्या मशीनवर होते तिथले नंतर टाकलेले सगळे फॉन्ट काढले. पत्रिका आणि अहवाल विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर, ज्याला सॉफ्टवेअरच्या कुलपाचं डोंगल (नेटचं नव्हे) लावलेलं आहे. त्याच्यावर फायरफॉक्सची फक्त जुनी ११५ ईएसआर ही आवृत्ती चालते, म्हणून त्याची नेटची वायर काढून टाकली. फाइल पेन ड्राइव्हने न्यायची, आणि तो आधी स्कॅन करायचा. पोरं कुरकुरतात, कारण दोन मशीनच्या मधे लॅमिनेशनचं टेबल आहे आणि दरवेळी त्याला वळसा घालावा लागतो.