वॅगन आर: मागच्या सीटवरून बघितलेली गाडी

छोटी गाडी घेताना सगळे आधी मायलेज विचारतात. मी म्हणेन, सीट जमिनीपासून किती उंच आहे ते आधी बघा. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर बाकीचं सगळं त्यानंतर.

आमच्याकडे वॅगन आर आहे. व्हीएक्सआय म्हणजे मधलं मॉडेल, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, साधे हाताने बदलायचे गिअर. मी साताऱ्याहून रोज मेढ्याच्या बाजूला शाळेत जाते, सुट्टीत कोरेगाव तालुक्यातलं गाव असतं आणि अधूनमधून सासूबाईंना घेऊन पुण्याला नणंदेकडे. सासूबाई नऊवारी नेसतात, गुडघे दुखतात, हातात काठी. त्या आधी पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकतात, मग काठी आत ठेवतात आणि एकेक पाय उचलून आत घेतात. वाकावं लागत नाही, डोक्यावरचा पदर सरकत नाही. उतरताना तर पाय सरळ जमिनीला लागतात, कोणी हात धरायची गरज पडत नाही. १६७५ मिलिमीटर उंचीची ही डब्यासारखी गाडी दिसायला काही देखणी नाही, पण ती उंची कशासाठी आहे ते दार उघडल्यावर कळतं.

आत पुढच्या दोघांना ऐसपैस जागा आहे आणि मागे गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत. गाडीची रुंदी मात्र बाहेरून १६२० मिलिमीटरच. मागे तिघं बसतात, पण तिसरं माणूस अंगाने बारीक हवं. शाळेच्या आम्ही तिघी मागे आणि दोघं पुढे असे मेढ्यापर्यंत आरामात जातो, पुण्यापर्यंत तसं जाऊ नये. सीट सपाट आहेत, त्यामुळे चढाउताराला सोप्या, पण यवतेश्वरच्या घाटात वळणावर मागची माणसं एकमेकींवर कलतात. मागे एसीचे झरोके नाहीत. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत मागे गारवा पोचायला वेळ लागतो, तेव्हा आधी काचा उघडून गाडी थोडी चालवावी आणि मग एसी लावावा.

डिकी ३४१ लिटरची. या किमतीच्या गाडीत एवढी जागा मिळणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. गावाहून येताना ज्वारीचं पोतं, घेवड्याची पिशवी, कांदे, वर सासूबाईंची बॅग, सगळं मावतं. जास्त सामान असेल तर मागच्या सीटचा एक भाग पाडायचा, उरलेल्या भागावर माणूस बसतं. याच कारणासाठी आम्ही सीएनजी घेतली नाही. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे सीएनजी किलोला ३४ किलोमीटर जाते आणि आमची पेट्रोल लिटरला २४, म्हणजे रोज लांब जाणाऱ्याचा फायदा उघड आहे. पण ६० लिटरची टाकी डिकीत आडवी बसली की पोतं ठेवायचं कुठे? ज्यांना गावाकडून काही आणायचं नसतं त्यांनी खुशाल सीएनजी घ्यावी.

साताऱ्यासारख्या शहरात चालवायला इतकी सोपी गाडी क्वचित असेल. मंगळवार पेठेतल्या, शुक्रवार पेठेतल्या गल्ल्यांत समोरून रिक्षा आली तरी धडकी भरत नाही. स्टिअरिंग हलकं, बसायला उंच, चारही कोपरे नजरेत येतात. नव्याने गाडी शिकणाऱ्या बाईला मी डोळे झाकून हीच सुचवेन. घाटाचं मात्र वेगळं आहे. पाच माणसं, सामान आणि एसी असं सगळं घेऊन मेढ्याहून महाबळेश्वरला जाणारा केळघरचा घाट चढायचा तर ८९ न्यूटन-मीटर एवढीच ओढ असलेलं इंजिन दुसऱ्या गिअरवरच राहणार. दर आठवड्याला महाबळेश्वरला वर जायचं असेल तर पैसे वाढवून १.२ लिटरची झेडएक्सआय, म्हणजे वरचं मॉडेल घ्या. तिच्यात मागच्या काचेला वायपरही मिळतो, आमच्या व्हीएक्सआयला तो नाही आणि मेढ्याकडच्या, जावळीच्या पावसात तो हवाच.

आता सुरक्षितता. गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला मोठ्यांसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला आणि मुलांसाठी शून्य. टाटा टियागोला २०२० मध्ये मोठ्यांसाठी चार मिळाले होते. २०२५ पासून वॅगन आरच्या सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग आल्या, हे चांगलंच झालं, पण सांगाड्याची ताकद एअरबॅगने वाढत नाही. मला हे पटतं आणि टोचतंही. आमच्या गाडीत मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, सासूबाईंनाही सूट नाही. हायवेला मी ऐंशीच्या वर जात नाही. ज्यांचा वेळ मुख्यतः पुणे-कोल्हापूर हायवेवर जातो आणि घरच्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, त्यांनी आधी टियागो बघावी. तिची बैठक खाली आहे आणि डिकी २४२ लिटरची, पण रोज हायवे असेल तर मी तेवढी तडजोड करेन.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे ही गाडी आता आणखी आवाक्यात आली आहे. बघायला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन आपण त्यांच्या शेजारी मागे बसा आणि गाडी गुळगुळीत रस्त्यावर न नेता साताऱ्यातल्या बोगद्यातून सज्जनगडच्या दिशेला घ्यायला सांगा.