जॅक्सन हाइट्समधील नोंदणीकृत खोली: पाच रात्रींचा अनुभव

मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही दोघे न्यूयॉर्कला गेलो, तेव्हा क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स भागात एका घरातली खोली पाच रात्रींसाठी घेतली. या मुक्कामात जे आवडले आणि जे खटकले, त्यातले बरेचसे तिथल्या परवान्याच्या नियमांनीच ठरवलेले होते.

न्यूयॉर्क शहराच्या २०२२ च्या स्थानिक कायदा क्रमांक १८ ची अंमलबजावणी ५ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली. ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी राहते घर पाहुण्यांना देणाऱ्याने १४५ डॉलर शुल्क भरून शहराकडे नोंदणी करायची, मुक्कामाच्या काळात स्वतः त्याच घरात राहायचे आणि पैसे देणारे पाहुणे दोनच ठेवायचे. नोंदणी नसेल, तर आरक्षणाच्या संकेतस्थळाला तो व्यवहारच करता येत नाही. त्यामुळे नोंदणी असलेल्या खोल्या मोजक्याच दिसतात, आणि तीन महिने आधी शोधूनही आम्हाला निवडीला फारसा वाव मिळाला नाही.

खोली स्वच्छ होती. तिच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र आणि आग लागल्यास बाहेर कसे पडायचे याचा नकाशा लावलेला होता. दाराला मात्र कुलूप नव्हते. यजमानीणबाईंकडून ते राहून गेले असावे, असे आधी वाटले; पण पाहुण्यांना संपूर्ण घरात मोकळा वावर हवा, अशीच अट असल्याचे त्यांनी समजावले. पहिले दोन दिवस आम्ही पासपोर्ट कमरेला बांधूनच फिरलो, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी ७४ व्या रस्त्यावरून पोहे आणि कढीपत्ता आणला आणि त्यांच्याच ओट्यावर सगळ्यांसाठी पोहे केले, तेव्हा त्या अटीतला चांगला भागही लक्षात आला.

एका रात्री मुलगी आमच्याकडे झोपायला येणार होती, तेव्हा मात्र बाईंनी स्पष्ट नकार दिला. नियम मोडल्यास त्यांना ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे ठाऊक असूनही त्या वेळी मनाला लागले; रात्री अकराला तिला परत पाठवावे लागले.

रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूचे भुयारी रेल्वेस्थानक पायी सात मिनिटांवर आहे आणि लागार्डिया विमानतळाची विनामूल्य बस तिथूनच सुटते. दोघांना घरगुती सोबत चालत असेल, तर ही खोली पाचपैकी चार गुणांची आहे. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी मात्र सरळ हॉटेल पाहावे.