कासवाचं लाकडी टेबल: हिवाळाभर वापरून झाल्यावर

इंग्लंडात हॉर्सफील्ड कासव पाळणाऱ्यांना हा सेट माहीत असतो: लाकडी टेबल (म्हणजे कडेने भिंती असलेली, वरून उघडी पेटी), वर ऊब आणि यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) दोन्ही देणारा १६० वॅटचा मर्क्युरी व्हेपर बल्ब, सोबत तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट. टेबलाचं नंतर सांगते, आधी बल्ब.

ऐन जानेवारीत तो गेला. वॉरंटी शिल्लक होती. दुकानदार म्हणतो, डिमरवर लावलात, वॉरंटी रद्द. अहो, पण डिमर तुम्हीच त्याच खोक्यात घालून दिलात ना! तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. या बल्बला वीज कमी-जास्त केलेली सोसत नाही, आणि एकदा विझला की गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. मग दोन्ही एकत्र विकता कशाला? बरीच ईमेलबाजी झाल्यावर अर्धी रक्कम मिळाली, तीही क्रेडिट नोट.

आता ऊबेला ७५ वॅटचा हॅलोजन आणि वेगळी २४ वॅटची टी-५ यूव्हीबी ट्यूब. बारा तासांना १.९२ युनिट जायचे, ते १.१९ वर आले. युनिटला २५ पेन्स धरले तरी महिन्याला साडेपाच पौंड वाचतात. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, पलीकडच्या टोकाला विशीच्या आसपास. बंड्या, म्हणजे आमचं कासव, स्वतःच हवं तिथे जाऊन बसतो. ट्यूब मात्र उजेड देत असली तरी वर्षाने बदलायची. चालू वस्तू फेकायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो! पण यूव्हीबी नसेल तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं-कवच मऊ पडतं. ‘खिडकीतलं ऊन आहे की’ म्हणणाऱ्या नवऱ्यासाठी: काच यूव्हीबी अडवते.

टेबल उथळ आहे, काचेची पेटी बरी होती, असं सुरुवातीला वाटलं होतं. मत बदललं. मैत्रिणीचं कासव काचेच्या पेटीत दिवसभर काचेला धडका देत फिरतं. आमचा बंड्या लाकडी भिंतीला दोन दिवसांत सरावला आणि खणायला लागला. ही जात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातली, बिळं करून राहणारी (१९६८ साली सोव्हिएत झोंड-५ यानातून चंद्राला वळसा घालून आली ती कासवं याच जातीची), त्यामुळे माती भरपूर हवी. बागेची माती आणि मुलांच्या खेळायची वाळू मिसळून भरली. ‘मातीला पैसे मोजलेस?’ असं म्हणत आईने व्हिडिओ कॉलवर बंड्याला हात मात्र जोडले.

तिकडे भारतातल्या मंडळींनी हे वाचून चांदणी कासव आणायच्या भानगडीत पडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

घेणार असाल तर नुसतं टेबल मागा. देतात, वेबसाइटवर लिहीत नाहीत एवढंच. आणि माती भरण्याआधी तळाला तलावात अंथरतात ते जाड प्लास्टिक घाला. ओल लागून आमच्या प्लायवूडचा एक कोपरा आत्ताच फुगलाय.