चष्मेवाल्यांसाठी धुळीचा मास्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्यातले तीन-चार दिवस मी लाकूडकाम करतो आणि त्यातला निम्मा वेळ तरी हातात सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, असतो. चष्मा आहे, तोही प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला. आठ महिन्यांत तीन प्रकारचे मास्क वापरून झाले, आता एकावर स्थिरावलोय. चष्मा असणाऱ्याने मास्क घेताना नेमकं काय बघायचं हे मला चुका करत कळलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात साध्या एन९५ ने केली. नाकावर वाकवायची पट्टी आणि डोक्यामागे जाणारे दोन इलॅस्टिक. गाळण्यात तो कुठे कमी नाही, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो. पण पाच मिनिटांत काचांवर वाफ धरायची. पेन्सिलची रेघ दिसेनाशी झाली की हात आपोआप चष्म्याकडे जातो, आणि पातं फिरत असताना ही सवय फार वाईट. म्हणून काचांना वाफ न धरू देणारा स्प्रे मारायला लागलो. वाफ थांबली, मीही निर्धास्त झालो.

मग एका संध्याकाळी एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) कप्पे घासून झाल्यावर मास्क काढला. आतल्या पांढऱ्या कापडावर नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीच्या बदामी रेघा उमटल्या होत्या. बाकी मास्क आतून स्वच्छ. श्वास सोडताना गरम दमट हवा ज्या फटीतून वर काचेवर जात होती, त्याच फटीतून श्वास घेताना धूळ आत येत होती. वाफ मला फट कुठे आहे ते दाखवत होती, आणि मी स्प्रे मारून ती खूणच पुसून टाकली होती. त्या दिवशी खरंच भीती वाटली. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, आणि नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे. फट राहिली तर फिल्टर ९५ टक्क्यांचा की ९९ टक्क्यांचा, याला काही अर्थ उरत नाही.

त्यानंतर सिलिकॉनचा अर्धा मास्क घेतला, दोन्ही गालांशी फिल्टर लागतात तो. श्वास सोडण्याची झडप हनुवटीच्या बाजूला असते, त्यामुळे दमट हवा खाली जाते आणि काचेपर्यंत येतच नाही. स्प्रेशिवाय सलग दीड तास काम करतो, काचा स्वच्छ राहतात. त्याला लावायचे पी१०० दर्जाचे फिल्टर किमान ९९.९७ टक्के कण अडवतात.

पण पहिला घेतलेला अर्धा मास्क मला बदलावा लागला, आणि चष्मेवाल्यांनी मुख्य लक्ष द्यायची गोष्ट इथेच आहे. त्याचं नाकावरचं टोक फार उंच होतं. चष्म्याचे नोजपॅड जिथे टेकतात ती जागा मास्कने आधीच घेतलेली. चष्मा तीन-चार मिलिमीटर वर आणि जरा पुढे बसायचा. साध्या नंबरात हे चाललंही असतं. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा भाग वर सरकतो आणि हातभर अंतरावरची वस्तू पुसट दिसते. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसायच्या. एका ड्रॉवरची मापं दोनदा चुकली, तेव्हा दोष डोळ्यांचा नाही हे लक्षात आलं. आताचा मास्क नाकाच्या हाडावर खाली संपतो आणि फिल्टर पसरट आहेत, त्यामुळे खाली बघताना नजरेच्या आड येत नाहीत. मास्क घ्यायला जाताना कामाचाच चष्मा घालून जा आणि मास्क लावून टेबलावरचं बारीक अक्षर वाचून बघा.

घालण्याचा क्रम आधी मास्क, मग चष्मा. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा मानेवर. चष्म्याच्या काड्या पट्ट्यांच्या वरून गेल्या पाहिजेत, मास्कच्या कडेखाली काहीही अडकता कामा नये. मग दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकून हळू श्वास घ्यायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला तर ठीक. मी हे दर वेळी करतो. दाढी असेल तर मात्र कोणताही घट्ट बसणारा मास्क नीट बसत नाही. मी कडेखालची दाढी रोज काढतो.

ओळखीच्या एका कारागिराकडून पंख्याने हवा देणारा, डोक्यावर घालायचा सैल हूड दोन आठवडे वापरायला मिळाला. चष्म्यासाठी याहून सोयीचं काही नाही, दाढीही चालते. फक्त मान दुखली आणि बॅटरीचं वेळापत्रक सांभाळावं लागलं. रोज सात-आठ तास घासकाम असेल तर मी तोच घेईन. चेहरा पूर्ण झाकणारा घट्ट मास्क चष्म्यावर लावूच नका. काड्या कडेतून बाहेर येतात आणि तिथेच फट पडते. त्यासाठी आत बसवायची वेगळी नंबरची फ्रेम मिळते.

तक्रारीही आहेत. तासाभराने हनुवटीपाशी पाणी साचतं, ते पुसावं लागतं. बोलणं समोरच्याला नीट कळत नाही. पाचव्या महिन्यात वाफ पुन्हा दिसायला लागली, तेव्हा झडपेच्या पातळ पडद्याखाली भुशाचा एक बारीक तुकडा अडकलेला सापडला. आता दर आठवड्याला झडप काढून मास्क साबणाच्या कोमट पाण्याने धुतो. फिल्टर मात्र कधी धुवायचे नाहीत, हवेच्या झोताने झटकायचेही नाहीत. श्वास जड वाटला की बदलायचे. आणि हे फिल्टर फक्त धुळीचे आहेत, पॉलिश किंवा थिनरच्या वासाला ते उपयोगाचे नाहीत.

काचांचं सांगायचं राहिलं. धुळीने माखलेला चष्मा शर्टाने पुसून मी एका काचेवर गोल ओरखडे पाडून घेतले. आता आधी वाहत्या पाण्याखाली धरतो, मगच कापड. नंबरचा साधा चष्मा उडणाऱ्या ढलपीपासून डोळा वाचवत नाही, म्हणून राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) आणि करवतीवर वरून सेफ्टी गॉगल घालतो. तो या मास्कच्या नाकावर अजून नीट टेकत नाही, डावीकडे जरा उचललेला राहतो. पुढच्या महिन्यात बाजूंना आड असलेला नंबरचा पॉलिकार्बोनेट सेफ्टी चष्मा करून घेणार आहे, आणि माप देताना मास्क घालूनच बसणार आहे.