कॅमेरा आतला की वरचा?

मायक्रोस्कोपच्या पॉइंटरवाल्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) ज्यांनी शिकवलं आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. मलेरियाची एक सुरेख रिंग, म्हणजे रक्तपेशीतला अंगठीसारखा दिसणारा परजीवी, सापडते, काळ्या रेघेचं टोक तिच्याजवळ आणून ठेवायचं आणि वीस मुलांची रांग लावायची. पहिली चार बघतात. पाचव्याचा हात स्टेजला, म्हणजे स्लाइडच्या चौथऱ्याला, लागतो आणि स्लाइड सरकते. सहावा "दिसलं सर" म्हणून पुढे सरकतो, सातवा-आठवाही तेच म्हणतात. नववी मुलगी तेवढी प्रामाणिक असते. ती सांगते, रेघेच्या टोकाला काहीच नाहीये.

यातून सुटायला म्हणून मी कॅमेऱ्याकडे वळलो. दिवसभर नाशिकच्या गंगापूर रोडवरची छोटी लॅब, आठवड्यातून दोन दुपारी लॅब टेक्निशियनच्या मुलांना शिकवणं, असं माझं काम. यंत्र एकच घ्यायचं होतं आणि ते दोन्हीकडे चालायला हवं होतं. बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. एकात कॅमेरा हेडच्या, म्हणजे आयपीस असलेल्या वरच्या भागाच्या, आतच बसवलेला असतो, वर टॅबलेटसारखा पडदा असतो किंवा चित्र वायफायने फोनवर येतं. दुसरं म्हणजे साधा ट्रायनॉक्युलर (डोळ्यांच्या दोन नळ्या आणि वर तिसरी असलेला मायक्रोस्कोप) आणि त्याच्या तिसऱ्या नळीवर सी-माउंटचा, म्हणजे आट्यांवर फिरवून बसणारा, वेगळा कॅमेरा. मी यांना आतला आणि वरचा म्हणतो. दोन्ही स्वतःचे पैसे घालून वापरले आहेत, आतला जवळजवळ दोन वर्षं. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग), एलईडी, कंडेन्सर (स्लाइडवर उजेड एकवटणारं भिंग) याबद्दल इथे बोलत नाही.

आतल्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. खोक्यातून काढल्यावर पंधरा मिनिटांत काम सुरू झालं. वायरींचं जंजाळ नाही, धूळ शिरायला जागा कमी. एका हातात उचलून गाडीत ठेवलं की पेठ-सुरगाण्याकडच्या शिबिराला निघता येतं. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून वर्गात सिकलिंग दाखवायची मागणी वाढली आहे. सिकलसेल असलेल्या रक्ताच्या थेंबात मेटाबायसल्फाइट हे ऑक्सिजन ओढून घेणारं रसायन घालून कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडा बंद केल्या आणि यंत्र चालू ठेवलं, की अर्ध्या तासात गोल पेशी हळूहळू विळ्याचा आकार घेताना मुलांना आपापल्या फोनवर दिसतात. स्लाइड एका जागी स्थिर असेल तर आतल्याला नाव ठेवायला जागा नाही.

पण स्लाइड हलवावी लागते. माझं बिनसलं ते तिथेच.

आतल्यात चित्र उशिरा येतं. स्लाइड सरकवायचा नॉब फिरवला की क्षणभराने चित्र सरकतं, आणि नॉब थांबला तरी ते आणखी थोडं पुढे जाऊन मग थांबतं, ब्रेक लागलेल्या एसटीतल्या उभ्या प्रवाशासारखं. किती मिलिसेकंद, ते मोजायला माझ्याकडे साधन नाही. हाताला मात्र ते पहिल्याच दिवशी कळलं. २० फील्ड नंबरचा (म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचं चित्र दाखवणारा) आयपीस आणि १०० एक्स, म्हणजे शंभरपट मोठं करणारं, ऑब्जेक्टिव्ह असेल तर आपल्याला दिसणारा गोल असतो फक्त ०.२ मिलिमीटरचा, आणि पडद्यावर त्यातलाही मधला तुकडाच येतो. तिथे नॉब केसभर जास्त फिरला तर हवी ती पेशी निघून जाते. मग मागे या, परत पुढे जा. मलेरियासाठीचा थिक स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा जाड थर) निगेटिव्ह म्हणण्याआधी निदान १०० फील्ड, म्हणजे असे गोल, बघायची असतात. पडद्यावर बघत मी तिसाव्या फील्डपर्यंत कसाबसा पोचायचो आणि मुकाट्याने आयपीसला डोळे लावायचो. पुढच्या बाकावरची मुलं म्हणायची, "सर, गरगरतंय." आमच्या लॅबमधल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ ताईंनी एकदाच पडद्यावर डिफरन्शियल काउंट (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) करून पाहिला आणि निकाल दिला, "डॉक्टर, हा ऐकतो, पण उशिरा ऐकतो."

फोकसचंही तेच. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून बघताना, लेन्स आणि स्लाइड यांच्यात पाव मिलिमीटरही अंतर नसतं. एका मुलाने फाइन फोकस फिरवला, चित्र बदलेना म्हणून आणखी फिरवला, आणि चित्र येईपर्यंत कव्हरस्लिप तडकली होती. त्याला काय रागावणार? तो डोळ्यांनी बघून हात चालवत होता, आम्हीच तसं शिकवलं होतं. वीर्यतपासणीच्या वेट माउंटमध्ये (न वाळवलेल्या, ओल्या नमुन्यात) तर कमी फ्रेममुळे शुक्राणू पोहत नाहीत, उड्या मारतात. वेगाचा अंदाज पडद्यावरून घ्यायला माझं मन धजावलं नाही.

यामागचं गणित विक्रेता सांगत नाही, म्हणून सांगतो. ५ मेगापिक्सेलची एक कच्ची फ्रेम ८ बिटांच्या हिशेबाने ४ कोटी बिटांची होते. यूएसबी २.० सेकंदाला ४८ कोटी बिट नेऊ शकतं, तेही कागदावर. म्हणजे सगळं नीट चाललं तरी सेकंदाला १२ फ्रेम, प्रत्यक्षात त्याहून कमी. वायफायवर चित्र आधी दाबून लहान करायचं, पाठवायचं, फोनने परत उलगडायचं, आणि या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. नव्या मॉडेलांत हे सुधारलंही असेल, मी सगळी पाहिलेली नाहीत. यूएसबी ३.०वर फरक नक्कीच पडतो.

सध्या माझ्याकडे वरचा आहे. एचडीएमआयची वायर कॅमेऱ्यातून थेट भिंतीवरच्या टीव्हीला जाते, मध्ये कॉम्प्युटर नाही. १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम. पहिल्या दिवशी टीव्हीवरही थोडा उशीर जाणवला तेव्हा पोटात गोळा आला होता. भाच्याने रिमोट हातात घेऊन गेम मोड लावला आणि चित्र हाताबरोबर चालू लागलं. मेडिकल कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

"दोनच मेगापिक्सेल?" असं लोक विचारतात. ४० एक्सच्या ०.६५ एनए (न्यूमरिकल अपर्चर, भिंगाच्या बारीक बघण्याच्या ताकदीचं माप) ऑब्जेक्टिव्हला साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवताच येत नाही. अर्ध्या इंचाचा सेन्सर आणि ०.५ एक्स अडॅप्टर (कॅमेऱ्याला चित्र अर्धं करून देणारं जोडभिंग) घेतला तर पडद्याच्या रुंदीत ०.३२ मिलिमीटर मावतात. त्याला १९२० पिक्सेलनी भागा, एका पिक्सेलला ०.१७ मायक्रॉन येतात. भिंगाला जे दिसतं ते टिपायला एवढं पुरतं. १८ मेगापिक्सेलचं स्टिकर भिंगाची ताकद वाढवत नाही.

अडॅप्टरकडे मात्र नीट लक्ष द्या. पैसे वाचवायला काही ठिकाणी १ एक्सचा खपवतात. मग ४० एक्सला आयपीसमध्ये अर्धा मिलिमीटर दिसतं आणि टीव्हीवर जेमतेम त्याचा तिसरा हिस्सा. प्रकाश कसा वाटला जातो तेही विचारा. काहींत रॉड ओढला की सगळा उजेड कॅमेऱ्याला जातो आणि आयपीस अंधारतात. शिकवणाऱ्याला दोन्हीकडे एकाच वेळी दिसायला हवं, म्हणून वाटून देणारा घ्या.

वरचा म्हणजे गुणांचा पुतळा नव्हे. आयपीसमध्ये स्वच्छ आणि टीव्हीवर धूसर, या तक्रारीने मला सुरुवातीचे दोन आठवडे छळलं. अडॅप्टरची फोकस रिंग मी १०० एक्सवर बसवत होतो आणि खालच्या ऑब्जेक्टिव्हवर आलो की सगळं बिघडायचं. ती ४ एक्सवर बसवायची असते, कारण प्रतिमेच्या बाजूला कमी ताकदीचं भिंगच जास्त काटेकोर असतं. एकदा तिथे बसली की वर आपोआप जुळते. धुळीचे ठिपके दिसले तर कॅमेरा सैल करून फिरवा. ठिपके पडद्यावर जागचे हलले नाहीत तर धूळ सेन्सरवर आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) बंद ठेवा, नाहीतर गुलाबी सेक्शन (ऊतीचा रंगवलेला पातळ काप) बघून तो स्वतःच्या मनाने रंग फिक्का करतो. रिकाम्या काचेवर एकदा मॅन्युअली बसवला की पुरे. आणि फोटो काढून सिनियरांना मत विचारायला पाठवाल तेव्हा स्लाइडवरचं पेशंटचं लेबल फ्रेममध्ये येऊ देऊ नका. हे दोन्ही यंत्रांना लागू आहे.

दुरुस्तीत पारडं आणखी थोडं झुकतं. माझ्या आतल्याचा कॅमेरा एकदा बंद पडला तेव्हा अख्खं हेड कंपनीकडे गेलं. परत यायला अडीच आठवडे लागले, तोवर माळ्यावरचा जुना बायनॉक्युलर कामाला आला. वरचा बिघडला तर फक्त कॅमेरा काढून पाठवायचा, रिपोर्टिंग सुरूच. जूनच्या पहिल्या वादळात टीव्ही आणि वायफाय दोन्ही गेले, तरी इन्व्हर्टरवर एलईडी आणि आयपीस चालू होते.

तरीही काहींनी आतलाच घ्यावा. शाळेत नववी-दहावीला तयार स्लाइड दाखवायच्या असतील, शिबिरांची ये-जा असेल, किंवा वायरींना हात लावायचाच नसेल, तर तो सोयीचा पडेल. स्मिअर शोधत बसायचं असेल, वेट माउंट रोजचा असेल, किंवा शिकवताना मुलांना "आता इकडे जाऊ" म्हणायची सवय असेल, तर मी तरी वरच्याकडे जाईन.

डेमोला विक्रेता नेहमी रंगवलेला सेक्शन ४० एक्सवर आधीच लावून ठेवतो आणि स्टेजला कोणालाही हात लावू देत नाही. दुसऱ्यांदा खरेदी करताना मी गोदाघाटावरच्या एका डबक्यातलं हिरवट पाणी छोट्या बाटलीत घेऊन गेलो. एक थेंब स्लाइडवर टाकला, एक पॅरामिशियम (भराभर पोहणारा एकपेशीय जीव) सापडलं, आणि आतल्या कॅमेऱ्याच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या विक्रेत्याच्या प्रतिनिधीला म्हटलं, याच्या मागे मागे जा. त्याने तीनदा गाठलं आणि तीनदा हरवलं, मग म्हणाला, "सर, हे जरा फास्ट आहे." शेजारच्या ट्रायनॉक्युलरवर तीच स्लाइड मी स्वतः लावली. आणखी एक पॅरामिशियम मिळालं, आणि ते शेवाळाच्या आड जाईपर्यंत मी त्याला पडद्याबाहेर जाऊ दिलं नाही.