माईनक्राफ्ट घ्यायचा का? 2014 पासून खेळणाऱ्याचा रिव्ह्यू

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, पोरगं माईनक्राफ्ट माईनक्राफ्ट करून डोकं खायलंय, घेऊन द्यावा का. तर एकदाच सगळं लिहून टाकतो. मी लातूरचा, 2014 पासून खेळतोय, आधी कॉलेजच्या रूमवर मित्राच्या कॉम्प्युटरवर आणि आता घरी भाच्यासोबत. उत्तर हो आहे, घ्या. पण काय घ्यायचं आणि कुठून घ्यायचं ते समजून घ्या, आणि त्यासाठी हा गेम बनला कसा ते थोडं माहीत पाहिजे.

स्वीडनच्या मार्कस पर्सननं, ज्याला सगळे नॉच म्हणतात, 2009 च्या मे महिन्यात जावा ह्या प्रोग्रामिंग भाषेत एक कच्चं व्हर्जन बनवून नेटवर टाकलं, सुरुवातीचं काम आठवडाभराचंच असेल आणि नाव होतं केव्ह गेम. इन्फिनिमायनर नावाचा एक गेम त्याच वर्षी आला होता, ठोकळे फोडायचे आणि रचायचे ही कल्पना त्यातूनच त्याला सुचली. नंतर त्यानं काय केलं, तर गेम अर्धवट असतानाच विकायला काढला. पूर्ण झाल्यावरच्या किमतीपेक्षा स्वस्तात, आणि आत्ता घेतला की पुढचं सगळं फुकट. लोकांनी घेतला, खेळले, हे चुकतंय ते पाहिजे असं सांगत गेले आणि तो बदलत गेला. रेडस्टोन म्हणजे गेममधली वायरिंग आली, नेदर म्हणजे नरकासारखं दुसरं जग आलं, 2011 च्या सुरुवातीला झोपायला पलंग आला, मग भूक लागायला लागली. नोव्हेंबर 2011 ला लास वेगासच्या कार्यक्रमात गेम पूर्ण झाला असं जाहीर केलं, तोपर्यंत लाखो लोक आधीच खेळत होते. लगेच पुढच्या महिन्यात नॉचनं मुख्य काम येन्स बर्गेनस्टेन ह्या सहकाऱ्याकडे दिलं आणि 2014 ला मायक्रोसॉफ्टनं नॉचची अख्खी मोयांग कंपनी 250 कोटी डॉलरला विकत घेतली. तेव्हा आम्हाला वाटलं होतं गेलं आता, वाट लावतील. नाही लावली. 2023 मध्ये 30 कोटी कॉप्या विकल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि घेतलेल्या माणसाला नवीन अपडेट आजही फुकटच मिळतात, मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

क्रीपर सगळ्यांना माहिती असेल, तो हिरवा, आवाज न करता मागून येऊन फुटणारा. तो चुकून झालाय. नॉच डुक्कर बनवत होता, लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले आणि आडव्याऐवजी उभं धूड तयार झालं, ते त्यानं तसंच ठेवलं. आता तोच गेमची ओळख आहे.

आता मराठवाड्यातल्या माणसाला हा गेम का लागतो ते सांगतो. पाणी. गेममध्ये दोन बाय दोनचा खड्डा करायचा, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यात एकेक बादली ओतायची, बस. त्यातून कितीही बादल्या काढा, परत भरतंय. आणि शेतात मधोमध एक ठोकळा पाण्याचा ठेवला की चारी बाजूंनी चार-चार ठोकळे जमीन ओली राहते, म्हणजे नऊ बाय नऊचा वाफा एका बादलीवर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी दिवसा घागरी घेऊन टँकरच्या लायनीत उभा राहायचो आणि रात्री लाईट असली की ह्या गेममध्ये गव्हाला पाणी द्यायचो. ते वाफे बघत बसलं की खरंच बरं वाटायचं. भाचा मागच्या सुट्टीत विचारतो, मामा हे पाणी आटत कसं नाही, आणि मी त्याला पहिल्यांदा त्या उन्हाळ्याचं सगळं सांगितलं, बराच वेळ ऐकत बसला पोरगा.

दुसरं म्हणजे खणणं. ज्यानं वेरूळचं कैलास लेणं बघितलंय त्याला पटकन कळेल, वरून खाली कोरत आणायचं, नको तेवढं काढायचं आणि उरतं ते देऊळ. भाच्यानं डोंगर निवडला आणि वरून सुरू केलं, दीड महिना लागला, खांब जाड बारीक झालेत पण उभे आहेत. फक्त पायाखाली सरळ खणत जाऊ नका, खाली लाव्हा लागला की जवळचं सगळं सामान जळतं. बाजूनं पायऱ्या काढत उतरायचं, जुन्या पायविहिरीसारखं.

आता घ्यायचं कसं. गेमच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक. कॉम्प्युटरवर 2022 पासून दोन्ही एकत्रच मिळतात, तेच घ्या. जावा म्हणजे मूळचा, मॉड म्हणजे लोकांनी बनवलेले बदल टाकायचे तर हाच. मोबाईलवर बेडरॉक आहे, तो आणि कॉम्प्युटरचा बेडरॉक एकत्र खेळता येतो, मी लॅपटॉपवर आणि भाचा टॅबवर असं आमचं चालतं. बेडरॉकमध्ये मार्केटप्लेस म्हणून दुकान आहे, स्किन म्हणजे पात्राचे वेगळे रूप आणि मॅप विकतात, त्याच्या पैशाला पासवर्ड लावून ठेवा, गेमला त्याची काही गरज नाही. 4 जीबी रॅमच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर नवीन व्हर्जन अडकत होतं, रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ते, कमी केलं तर कसंबसं चाललं, 8 असेल तर निवांत. पहिल्यांदा बसणाऱ्याला गेम काही शिकवत नाही ही तक्रार खरी आहे, 2017 ला काय कसं बनवायचं ते दाखवणारं रेसिपी बुक आलं तेव्हापासून बरंय, तरी पहिल्या रात्री कुणीतरी शेजारी बसा. रात्री राक्षस निघतात, म्हणून अंधार पडायच्या आत डोंगरात भोक पाडून आत जायचं आणि टॉर्च लावायचा एवढं सांगितलं तरी पोरगं टिकतं.

आणि स्वस्तातली की, म्हणजे गेम चालू करायचा कोड, किंवा तयार अकाउंट घेऊ नका. मी एका ऑनलाइन विकणाऱ्याकडून अर्ध्याहून कमी पैशात अकाउंट घेतलं होतं, दोन महिन्यांनी पासवर्डच चालेना, विकणारा फोन उचलेना, पैसे गेले. वर्ल्ड, म्हणजे गेममध्ये मी बांधलेलं सगळं, माझ्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं. नंतर कंपनीच्या साईटवरून नीट विकत घेतला.

तेच 2014 चं वर्ल्ड पेनड्राईव्हवर जपून ठेवलं होतं. 2021 च्या शेवटी गेमचं 1.18 व्हर्जन आलं तेव्हा उघडलं. घर तसंच, गव्हाचे वाफे तसेच, घरामागं मी खणलेली विहीर होती, तळाच्या बेडरॉकच्या, म्हणजे न फुटणाऱ्या दगडाच्या, अलीकडं थांबवलेली, त्याच्या खाली तेव्हा काहीच नव्हतं. पायऱ्या उतरून गेलो तर बेडरॉक नव्हता, त्या जागी डीपस्लेट नावाचा काळपट दगड. ह्या अपडेटनं जुन्या वर्ल्डच्या खाली 64 ठोकळे नवीन जमीन घातलीय. कुदळ मारली, दोन ठोकळे निघाले आणि खालून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. भाच्याला हाक मारली, म्हटलं ये लवकर, विहिरीला पाणी लागलंय.